गॅस बंद, आत चार अंश

भाच्यानं टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं चालतं-फिरतं घर करायचं ठरवलं, तेव्हा मी काही बोललो नाही. आत पलंग बसवला, ओटा बसवला, संडास बसवला, तरी गप्प राहिलो. शेवटी गॅसवर चालणारा फ्रीज बसवला, तो चालेना, आणि मग साहेबांना मामा आठवला.

माझं नाव फर्डिनंड. पापडीला राहतो, वय सदुसष्ट. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर कोल्ड रूम सांभाळल्या. मासे, मटण, केळी, लोणी, जे दिलं ते सांगितलेल्या अंशावर पोचवलं. त्यामुळे आळीत कुणाचाही फ्रीज बंद पडला की लोक माझ्या दारात येतात. खुशालीसुद्धा विचारत नाहीत, सरळ 'गॅस भरायचाय का बघ' म्हणतात.

जेसन माझ्या थोरल्या बहिणीचा, मटिल्डाचा मुलगा. तिला मी बाय म्हणतो. आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये एक विहीर आणि केळीची एक ओळ. जेसन तीन वर्षांचा असताना याच विहिरीत पडला होता. वर काढला तेव्हा निळा पडला होता. बायनं तिथल्या तिथे कठडा धरून वेलंकनीच्या माउलीला नवस केला, की पोर वाचलं तर त्याच्या उंचीची मेणबत्ती घेऊन स्वतः येईन. पोर वाचलं. मग आज वाडीची कामं, उद्या शाळा, परवा नवऱ्याचं आजारपण करत नवस राहून गेला आणि मेणबत्ती मात्र वाढत गेली. तेव्हा तीन फुटांत भागलं असतं. आता जेसन पाच फूट अकरा इंच आहे.

बाय अठ्ठ्याहत्तरची झाली. रक्ताचा विकार आहे, रोज संध्याकाळी एक इंजेक्शन लागतं आणि ते दोन ते आठ अंशांत राहावं लागतं. गोठूनही चालत नाही. ट्रेनमध्ये तासन् तास बसणं तिला शक्य नाही, म्हणून ही गाडी. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "यंदा जाऊन या. पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही." म्हणजे सगळं त्या फ्रीजवर येऊन ठेपलं होतं. नऊ सप्टेंबरला सकाळी निघायचं होतं.

या फ्रीजला मोटार नसते. आवाज नाही, थरथर नाही. मागच्या बाजूला नळ्यांचं जाळं, त्यात अमोनिया आणि पाणी. खाली धुराड्याच्या तळाशी करंगळीएवढी ज्योत जळते, तिच्या उष्णतेनं अमोनिया उकळून वर जातो आणि फिरत फिरत आतल्या कप्प्यातली गरमी शोषून घेतो. आग लावायची आणि थंडी मिळवायची. कुठून तरी उष्णता दिल्याशिवाय तो काहीही देत नाही. हे मी जेसनला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा तो "हो मामा, व्हिडिओत पाहिलंय" म्हणाला.

ऑगस्टच्या मध्याला मी हत्यारांची पेटी घेऊन गाडीत शिरलो. आत भट्टी. बटण दाबलं की टक टक ठिणगी पडायची, ज्योत पेटायची, बटण सोडलं की विझायची. हे थर्मोकपलचं दुखणं. ज्योत लागलीय की नाही हे ओळखणारी ती तांब्याची काडी असते, ती बिघडली की गॅस सुटू देत नाही. दुकानदारानं "अंकल, गीझरका चलेगा" म्हणून भलतीच काडी गळ्यात मारली. ती परत केली, बरोबर असलेली मिळवली, बसवली. ज्योत टिकली, पण पिवळी. पिवळी ज्योत म्हणजे काजळी. गॅस सोडणारं जेट काढून उजेडात धरलं तर त्याचं भोक चांगलं ऐसपैस झालेलं.

"तू यात सुई घातली होतीस?" मी जेसनला विचारलं.

"थोडीशी," तो म्हणाला.

थोडीशी सुई! नवं जेट आणलं, ज्योत छान निळी झाली, आणि फ्रीज थंड होईना. आठ तासांनी बाहेर एकतीस अंश, आत एकतीस अंश. एवढा प्रामाणिक फ्रीज मी जन्मात पाहिला नव्हता.

तो वाकडा असला तरी असं होतं, नळ्यांतला द्रव वाहत नाही. पाणसळ लावून पाहिली. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, पण आमचं अंगण खरोखरच विहिरीकडे उतरतं. चाकांखाली फळ्या घातल्या, बुडबुडा मधोमध आणला. काही फरक नाही. मग फ्रीज उतरवून चोवीस तास उलटा ठेवला. जुने मेकॅनिक हा उपाय करतात, अडकलेला द्रव सुटतो. रस्त्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून "फ्रीज उलटा आहे हो" असं सांगून गेला. मी सगळ्यांचे आभार मानले.

उष्णतेसाठी त्यात विजेची सोयही होती, आणि घरच्या विजेवर मात्र तो मुकाट चालायचा. गाडीच्या बॅटरीवर लावला तर चार तासांत बॅटरी बसली आणि गाडी ढकलायला निम्मी आळी गोळा करावी लागली. प्रवासात गॅसशिवाय गत्यंतर नव्हतं. नवा फ्रीज मागवला तर तीन आठवडे लागणार होते.

तीस ऑगस्टला नोव्हेना सुरू झाली. माउलीच्या सणाआधी नऊ दिवस रोज संध्याकाळी आमच्या आळीत जपमाळ होते. यंदा बायनं हट्ट धरला की जपमाळ गाडीतच करायची, म्हणजे गाडीलाही आशीर्वाद लागेल. तिच्या हट्टापुढे कुणाचं काही चालत नाही. मी नेमका तेव्हा बर्नर सुटा करून वर्तमानपत्रावर मांडून बसलो होतो.

"फर्डिनंड, तुझी भांडीकुंडी उचल," जपमाळ सांगणारी रोवेना म्हणाली.

माझ्या हत्यारांना तिनं भांडीकुंडी म्हटलं. मी बर्नर वर्तमानपत्रात गुंडाळला, सिलेंडरची चावी बंद केली, विजेची वायर काढून खिशात घातली आणि खाली उतरलो. अकरा बायका आत शिरल्या. दारंखिडक्या लावल्या, कारण डास. मी बाहेर कठड्यावर बसून घाम पुसत 'नमो मरिये' ऐकत राहिलो आणि मनात त्यांची कीव करत होतो.

तासाभरानं त्या उतरल्या त्या दंड चोळत.

"एसी मस्त आहे हो गाडीला," एक जण म्हणाली.

गाडीला एसी नाही. मी वाद घातला नाही, कारण उकडलेले चणे वाटले जात होते आणि सगळ्यांची तोंडं भरलेली होती. वर चढून फ्रीज उघडला. थर्मामीटर चौदा अंश दाखवत होता.

मी जेसनला फैलावर घेतलं. कुणी वीज जोडली? तो शपथा घेऊ लागला की तो आत्ताच ऑफिसातून येतोय, डबासुद्धा हातात आहे. वायर माझ्याच खिशात होती, हे मला दहा मिनिटं ओरडून झाल्यावर आठवलं.

जहाजावरची सवय म्हणून मी अशा कामाची वही ठेवतो. वेळ, बाहेरचं तापमान, आतलं तापमान, ज्योत, शेरा. त्या दिवशी शेऱ्यात 'जपमाळ, अकरा माणसं' एवढंच लिहिलं. थर्मामीटर बिघडला असेल म्हणून दुसरा आणला. दोन्ही सारखेच दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मी बर्नर परत बसवला. सकाळपासून निळी ज्योत जळत होती, आत एकतीस. संध्याकाळी ज्योत बंद केली, बायका आत गेल्या. तासाभरानं आत तेरा. तिसऱ्या दिवशी सिलेंडरच उचलून माझ्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. आत बारा. चौथ्या दिवशी पाऊस होता, पाचच जणी आल्या. एकोणीस. पाचव्या दिवशी चौदा जणी दाटीवाटीनं बसल्या, रोवेनानं शेवटची लितानी, माउलीच्या नावांची ती लांबलचक विनवणी, आटोपती घेतली कारण तिला बोटांत मणी धरवेनात. आत आठ.

"काय रे फर्डी, जमलं की तुला," बाय म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता.

मला काहीही जमलं नव्हतं. चिडचिड सगळी याचीच होती. बिघडलेलं यंत्र मला समजतं. बंद असताना चालणारं यंत्र दुरुस्त करायचं म्हणजे करायचं काय?

सहाव्या दिवशी सकाळी चहा घेताना वही उघडली आणि शेऱ्यांच्या रकान्यावरून बोट फिरवलं. ज्योतीशी तापमानाचं काही देणंघेणं नव्हतं. माणसांशी होतं. माणसं जास्त, अंश कमी. मी स्वतःलाच मूर्ख म्हटलं. बंद गाडीत माणसं कोंबली तर गाडी तापते, हे शाळेतलं पोरही सांगेल.

तरी कप तसाच ठेवून मी गाडीत जाऊन बसलो. एकटा, दार लावून. सिलेंडर नाही, वायर नाही. पलंगावर बसून तासभर थर्मामीटरकडे पाहत राहिलो. एकतीस. तीस. अठ्ठावीस. सत्तावीस.

उठलो तेव्हा बोटांची टोकं बधिर झाली होती. हा बधिरपणा मी ओळखतो. कोल्ड रूममध्ये हातमोजे न घालता गेलं की तो येतो. पण गाडीतली हवा गरम होती, शर्ट पाठीला चिकटला होता.

बाहेर येऊन गाडीच्या मागची जाळी उघडली आणि धुराड्याला हात लावला. गॅसवर चालतं तेव्हा ते चटका देतं, बंद असलं की गार लोखंड असतं. त्या वेळी ते कोमट होतं.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार काय, आणि कुणाला? जेसन म्हणाला असता, "मामा, जरा रेस्ट घ्या."

सातव्या दिवशी जेवण झाल्यावर मी वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होतो. परत आलो तर गाडीचं दार लावलेलं. जेसनची बायको ब्रिटनी पायरीवर बसून मोबाइल पाहत होती, त्या दिवशी तिला सुट्टी होती.

"मम्मी आत झोपल्यात," ती म्हणाली. "म्हणाल्या, पलंगाची सवय करते."

"किती वेळ झाला?"

"चाळीसेक मिनिटं."

मी धावतच मागे गेलो. धुराडं गरम होतं. चटका नव्हता, नुसती ऊब. ताप नसलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावावा, तेवढीच.

आत चार अंश.

बाय जागी झाली ती हसत. "किती दिवसांनी अशी झोप लागली," म्हणाली. मी तिचा हात धरला. विहिरीतून आत्ताच काढलेल्या कळशीला हात लावावा तसा. ब्रिटनीनं तापाचा थर्मामीटर लावला, पस्तीसच्या खाली. तिनं तो झटकला, परत लावला, मग सेल संपले असतील म्हणाली.

संध्याकाळी जेसननं फ्रीज उघडून पाहिला आणि मला मिठी मारली. "मामा, यू आर जीनियस! एकदम चार! मस्त सेट झालाय, आता हात लावू नका." इंजेक्शनचा डबा त्यानं लगेच आत ठेवला.

सिलेंडर अजून माझ्याच स्वयंपाकघरात होता, वायर खिशात.

बाय एकटी व्हरांड्यात बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. सरळ म्हटलं, "बाय, फ्रीज मी काढून टाकतोय."

"का?"

"गळतोय. अमोनिया विषारी असतो."

"फर्डी," ती म्हणाली, "तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात." मग माझ्याकडे वळली. "मला कळतं. मी आडवी झाले की तो चालतो. इंजेक्शन माझं. मी थंड ठेवलं तर कुणाचं काय गेलं?"

मला इतका राग आला की उभाच राहिलो. "अगं, शरीर आहे की गॅसचा सिलेंडर? संपलीस म्हणजे?"

"तिथपर्यंत पुरेन," ती शांतपणे म्हणाली. "येतानाचं येताना."

आयुष्यात मी बहिणीवर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. तोंडाला येईल ते बोललो. मला रडू येत होतं म्हणून मी ओरडत होतो, हे तिला कळत असणार.

दुसऱ्या दिवशी जेसन कामावर गेल्याबरोबर मी फ्रीज उखडला. नट, ब्रॅकेट, नळ्या, सगळं सोडवून तो हातगाडीवर टाकून माझ्या शेडमध्ये नेला. जेसन आल्यावर महाभारत झालं. चालता फ्रीज कोणी काढतं का? वय झालं की माणूस असा करतो का? मी अमोनियावर अडून बसलो, लाल कानांनी.

पर्याय साधा होता, जहाजावर शिकलेला. एक जाड थर्मोकोलची पेटी, मध्ये लाकडी फळी, एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला इंजेक्शन. फळीमुळे ते गोठणार नाही. आत थर्मामीटर. बर्फ तेवढा वेळेवर बदलायचा. पाचूबंदरला मासळीच्या बर्फाचा केनी माझ्या ओळखीचा. त्यानं लादी टोच्यानं फोडून नेमका तुकडा काढून दिला.

"आठ तास धरून चाला, काका," तो म्हणाला. "मंग पानी होनार. वाटेत मासळी बाजार दिसला की नवा घ्यायचा. इसरायचा नाय."

हे मी जेसनकडून पाठ करून घेतलं. फ्रीज नसलेल्या त्या गाडीत शेवटच्या दोन जपमाळा झाल्या. बायका घामाघूम होऊन पदरानं वारा घेत होत्या, रोवेना सारखी "एसी लावा की" म्हणत होती. तिचं कुरकुरणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला जास्तीचे चणे दिले.

नऊ तारखेला सकाळी सात वाजता गाडी निघाली. मेणबत्ती उभी मावेना, म्हणून पलंगाच्या कडेला आडवी बांधली होती. बाय खिडकीतून हात हलवत होती. मी तिचा हात मुद्दाम दाबून पाहिला. चांगला उबदार होता.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जेसनचे फोटो येत राहिले. घाट, इडली, बाय चष्मा लावून जपमाळ करतेय, पुन्हा इडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेलो. मला त्या फ्रीजचा निकाल लावायचा होता. स्टूल ओढून त्याला टेकून बसलो, तासभर. एकतीस. एकतीस. एकतीस. मग पाठ लावून बसलो, हात ठेवून बसलो. एकतीस. धुराडं गार लोखंड.

मी चरफडत त्याला लाथ मारली. माझ्या बोटांना काही झालं नव्हतं. फ्रीज साधा बिघडलेला फ्रीज होता.

मग तो नव्हता, तर काय होतं? तो चालायचा तो त्या गाडीत, आणि आता तिथे पेटी होती.

मी फोन लावला.

"बोला मामा!" जेसन खुशीत होता. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. "आम्ही जेवायला थांबलोय. संध्याकाळपर्यंत वेलंकनी. मामा, सॉरी हां, उगाच तुमच्याशी भांडलो. तुमची पेटी म्हणजे एकदम भारी आहे."

"बर्फ बदलतोयस ना?"

"तेच सांगतोय. गरजच नाही पडली. पहिल्या दिवशी बदलला नाही, म्हटलं बघू. काल पण तसाच. आज तिसरा दिवस, त्या केनीच्या टोच्याच्या खुणासुद्धा दिसतायत अजून. एक थेंब पाणी नाही मामा. आतमध्ये चार अंश, सारखं चार."

मी स्टुलाची कड धरली. "गाडीत कोण आहे आत्ता?"

"मम्मी आहे. पेटीच्या बाजूलाच पलंग आहे ना तिचा. झोपलीय, म्हणून उठवली नाही."

"कधीपासून झोपलीय?"

"सकाळपासूनच. थांबा हां." त्यानं फोन बाजूला धरून ब्रिटनीला काहीतरी विचारलं. मग परत आला. "ब्रिटनी म्हणते, काल सारखी चादर मागत होती. दोन दिल्या, तरी तिसरी मागत होती. आज नाही मागत."